बंडू-चिंगीसाठी सांभार

ताईच्या शेजारच्या मालूताईंचा अकोल्याहून फोन आला तेव्हा माझ्या हातात सकाळचा चहा होता. "मंदाताई, तुमी लवकर निघा," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, ताई पडली का? त्यावर त्या पुन्हा तेच म्हणाल्या, आणि मला सगळं कळलं... अमरावती-अकोला हा रस्ता मी जन्मभर तुडवलेला, पण त्या दिवशी मूर्तिजापूर केव्हा मागे पडलं ते मला आठवत नाही. जठारपेठेतल्या घरी पोचले तर ताईला बैठकीत खाली ठेवलेलं. स्वयंपाकघरात मात्र तिची सकाळ तशीच पडून होती. ओल्या पंच्यावर चवळाईची धुतलेली पानं पसरलेली, ताटात अर्धी चिरलेली कोहळ्याची पानं, बाजूला विळी. बाजारातून आली, भाजी धुतली, चिरायला बसली आणि जरा भिंतीला टेकली. तेवढ्यातच गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. मालूताईंनी मला जवळ घेतलं, थोडं रडू दिलं आणि मग कानाशी हळूच म्हणाल्या, "त्या जनावराले सकाळपासून काही देल्लं नाही. काय करू?" ताईच्या शेजारी बसण्याआधी मी ती राहिलेली पानं चिरली. जमलेल्या लोकांना ते विचित्र वाटलं असेल. पण जनावर उपाशी ठेवून मी रडत बसलेलं ताईला चाललं नसतं.

जनावर म्हणजे बंडू. बंडू हा इग्वाना आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, सरड्याच्या जातीचाच, पण मांजराएवढ्या अंगाचा, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती पिशवी आणि अंगापेक्षा लांब शेपूट. दिसायला भयंकर आणि खाणं मात्र गाईसारखं, नुसता हिरवा पाला. आणि माझी ताई, कुसुमताई, भिंतीवर पाल दिसली तर खोली सोडून जाणारी बाई होती. लहानपणी आम्ही दोघी एका अंथरुणात झोपायचो तेव्हा पाल चुकचुकली की ती डोक्यावरून गोधडी ओढायची आणि मला म्हणायची, "मंदे, तू पाह्य, गेली का ते." मी तिच्याहून लहान, तरी पाल हाकलायचं काम माझं.

समीर तिचा एकुलता एक. भावजी गेले तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे पुण्यात नोकरीला लागला, एकटा फ्लॅट घेऊन राहू लागला आणि एके दिवशी आईला फोनवर फोटो पाठवला, हातभर लांबीची दोन पिल्लं खांद्यावर घेतलेला. ताईनं तो फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, 'पाह्य, तुह्या भाच्याचे धंदे.' त्यानंतर ती पुण्याला गेली नाही. समीर बोलवायचा, म्हणायचा, "आई, ते काचेच्या घरात राहतात, तुझ्या अंगावर नाही येणार." ती म्हणायची, "तू इकडे ये. माह्या घरी पाली नाहीत." तो दिवाळीला यायचा, उन्हाळ्यात आंब्याच्या वेळी यायचा. असं चांगली चारेक वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. आधी नुसता ताप म्हणाला, अंगावर काढला. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता आणि आम्हाला ओळखत नव्हता. आठवडासुद्धा लागला नाही...

ताई रडली नाही. मी जन्मभर पाहिलेली ताई साध्या निरोपालाही पदर डोळ्याला लावायची. ती कोरडी होती. सगळं आटोपून आम्ही त्याचा फ्लॅट रिकामा करायला गेलो. खोलीच्या एका भिंतीला ते मोठं काचेचं घर, आत दिवा, फांदी, आणि फांदीवर ते दोघं. त्याचा मित्र तिथं होता, रोज येऊन त्यांना खायला घालत होता. तो म्हणाला, "काकू, मुंबईत एक जण आहेत, अशी जनावरं सांभाळतात. मी बोललोय त्यांच्याशी." ताई काचेकडे पाठ करून समीरच्या शर्टांच्या घड्या घालत होती. घडी हातात तशीच धरून ती म्हणाली, "मुंबईले काहून? मी नेतो त्याईले." मला वाटलं ती भ्रमिष्टासारखं बोलते आहे. मी म्हटलं, ताई, तुला पाल चालत नाही. ती म्हणाली, "माह्या पोराच्या घरचे हायेत ते. दुसऱ्याच्या दारात कसे टाकू?"

त्या मित्रानं तिला सगळं समजावलं. नराचं नाव बंडू, मादीचं चिंगी. रोज ताजा पाला, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून. पालक कधीतरीच. शेवग्याचा पाला, कोहळ्याची पानं, चवळाई, जास्वंदीची फुलं चालतात. कोथिंबीर दोघांना आवडते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. ताईनं विचारलं, "सांभार खाते म्हणता?" आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. समीरला वरण-भातावर सांभार लागायचा, ताट हिरवं होईपर्यंत.

सुरुवातीला ती डोळे मिटून, सांडशीत ताटली धरून आत सरकवायची आणि दार लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. मी दर आठवड्याला जायचे आणि ते पाहायचे. पण बाजार तिनं एक दिवस चुकवला नाही. घरात ती एकटी, स्वतःला दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी लागायची; आणि पिशवी भरून पाला रोज आणायची. शोभाबाई म्हणून एक माळीण आहे. नदीकाठी त्यांचा मळा आहे, त्या स्वतःच भाजी तोडून बाजारात बसतात. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, घरी बकऱ्या हायेत का?" ताई म्हणाली, पाहुणे आले आहेत. पुढच्या आठवड्यातही पाहुणे, त्याच्या पुढच्याही. शेवटी शोभाबाई म्हणाल्या, "असे कसे पाहुणे वो, जाऊनच नाही राह्यले?" ताईनं मला हे सांगितलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मंदे, सांगाचं म्हटलं तं सगळंच सांगा लागते. आधी समीर गेला ते सांगा लागते. ते माह्या तोंडून निंघत नाही."

पण एकदा तिला सांगावंच लागलं. फवारलेल्या भाजीनं जनावर मरू शकतं, हे तिला कळलं होतं, आणि कोणती भाजी फवारलेली ते सांगेल कोण? तिनं शोभाबाईंना घरी आणलं. शोभाबाई दारातून आत आल्या, काचेकडे पाहिलं आणि "अवं माय!" करून मागच्या मागे ओट्यावर. "बाई, हा तं सरडा हाय! काहून पाळला?" ताई म्हणाली, "माह्या पोराचा हाय." मग तिथंच ओट्यावर बसून तिनं त्या बाईला सगळं सांगितलं, जे मलाही कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात समीरचे पाय किती गार लागले, ते. त्या दिवसापासून शोभाबाईंनी मळ्यातला एक वाफा निराळा ठेवला. त्याला फवारा नाही. किडीनं खाल्लेली, भोकं पडलेली पानं त्या ताईसाठी राखून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "किड्यानं खाल्लं म्हंजे तुमच्या लेकरायलेही चालते."

उन्हाळ्यात फार हाल व्हायचे. अकोल्याचा मे महिना, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, सकाळी आणलेली जुडी दहा वाजेपर्यंत चहाच्या चोथ्यासारखी होते. बाजारातला पाला संपला की ताई गाडीत बसायची आणि आमच्या अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरायची. आमच्या परसात शेवगा आहे. मी ओल्या फडक्यात पाला गुंडाळून स्टेशनावर न्यायची. घरी चल, जेवून जा म्हटलं तर म्हणायची, "नाही वं, पाला सुकते," आणि पुढच्या गाडीनं परत. फलाटावर आमची भेट. पासष्टी ओलांडलेली बाई, डोक्याला ओला रुमाल, छातीशी ती पिशवी धरलेली... लेकुरवाळी जशी लेकरू धरते तशी.

तिची भीती केव्हा गेली ते मला कळलं नाही. एका सकाळी मी न कळवता गेले. दार उघडं होतं. काचेचं घरही उघडं होतं, बंडू खिडकीतल्या उन्हात पसरलेला, चिंगी ताईच्या मांडीवर, आणि ताई तिला एकेक पान भरवत होती. "खाय. तुह्या दादानं लय लाडावून ठेवलं तुले. देठ नको, फूल पाह्यजे. त्याच्यावरच गेली तू." मी दारातच उभी राहिले. तिनं मला पाहिलं, पण चिंगीला उतरवलं नाही. म्हणाली, "मंदे, मी त्याले वर्षातून दोनदा पाह्यत होती. हे रोज पाह्यत होते. तो कामावरून आला, दमला, हसला, एकटा जेवला... सगळं ह्यायनं पाह्यलं. मी नाही पाह्यलं." एवढं बोलून तिनं पुढचं पान उचललं.

गेल्या वर्षी चिंगीच्या पोटात अंडी अडकली. खाणं सुटलं, पोट टम्म झालं. अकोल्यातल्या डॉक्टरांना विचारलं, मग ताई तिला माझ्याकडे अमरावतीला घेऊन आली. इथल्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, "मावशी, मी गाई-म्हशींचा माणूस. हिला कापायची माझी हिंमत नाही. उशीरही झालाय." ताईनं चिंगीला माझ्या घरी आणलं, कोमट पाण्यात बसवलं, पोट चोळलं. चिंगी तिच्याच हातात गेली. आणि मग ताई रडली. एवढी मोठ्यानं की माझे यजमान बाहेरून धावत आले, शेजारचे गोळा झाले. ती चिंगीला पदरात घेऊन "समीर, समीर" म्हणत होती. कोणी तिला गप्प करायला पुढं झालं तर मी अडवलं. पुण्यातल्या त्या दवाखान्यात जे अडलं होतं ते माझ्या घरच्या मोरीत मोकळं झालं. संध्याकाळी आम्ही चिंगीला परसात पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल, बंडू उपाशी असंन."

आता बंडू माझ्याकडे आहे. ताईचे दिवस झाल्यावर त्याला काचेच्या घरासकट टेम्पोत घालून अमरावतीला आणला. यजमानांनी वरची खोली रिकामी करून दिली. पण बंडू खाईना. मी चवळाई दिली, शेवगा दिला, जास्वंद दिली, ताईनं चिरली असती तशी बारीक चिरून दिली. तो डोळे मिटून फांदीवर पडून राहायचा. रंग काळवंडला, शेपटीचं मूळ खोल गेलं. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की असं होतं, धीर धरा. मी अकोल्याला जाऊन शोभाबाईंच्या वाफ्यातला पाला आणला, तोही त्यानं हुंगून सोडला. शोभाबाई म्हणाल्या, "त्याले बाईच्या हाताची सवय. तुमचा हात नवा हाय. रोज जवळ बसा, दुसरं काही करू नका." मी बसू लागले. काही बोलता येत नव्हतं मला, ताईसारखं. नुसती बसायची. तो जगणार नाही असंच मी मनात धरलं होतं. तो गेला की त्या घरातलं कोणीच उरणार नाही, हा विचार आला की मी उठून खाली यायची आणि काहीतरी काम काढायची.

परवा सकाळी मी तशीच बसले होते, तळहातावर थोडा सांभार. बंडू फांदीवरून उतरला. थांबत थांबत आला, माझ्या मनगटावर एक पाय ठेवला आणि खाल्लं. सगळं खाल्लं, देठांसकट.

मला ते कोणालातरी सांगायचं होतं. आत्ताच्या आत्ता, ओरडून सांगायचं होतं. पण एक सरडा मूठभर सांभार खातो याचा आनंद ज्या बाईला झाला असता ती नव्हती. जिना उतरता उतरता मी शोभाबाईंना फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता. मी म्हटलं, "शोभाबाई, बंडूनं खाल्लं." त्या म्हणाल्या, "बाईले सांगाले पाह्यजे होतं, नाही?" मी हो म्हटलं. "थांबा, गिऱ्हाईक आलं," म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला, बंद करायला विसरल्या. मी जिन्यात बसून ऐकत राहिले... कोणी मेथीचा भाव करत होतं, कोणी पिशवी झटकत होतं, भाजीवर पाणी शिंपडल्याचा आवाज येत होता. या आवाजात ताई रोज सकाळी उभी असायची. फोन मी कापला नाही.