अकरा टक्क्यांची बहीण

अमेरिकेतल्या एरी शहराच्या त्या एका जागेच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षातले चौदा जण उभे होते, आणि चौदाही जणांचं भाषण एकाच वाक्याने सुरू व्हायचं, "मी तुमच्यासारखाच एक साधा माणूस." बिल्डर कटलर ते नाकातून म्हणायचा, वकीलबाई प्रत्येक शब्दाला थांबा देत म्हणायच्या. शाळेच्या जेवणघरात ताटांत मॅकरोनी वाढता वाढता लोरेट्टा ग्राबोव्स्की सगळ्यांच्या नकला करायची. एकाचीच करायची नाही. वॉल्टची. बस डेपोतला मेकॅनिक वॉल्ट तिचा धाकटा भाऊ होता. साधा माणूस म्हणताना तो खरंच साधा दिसायचा, म्हणून त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

बघायचे ते फोनकडे. कोण जिंकणार यावर तिथल्या सट्ट्याच्या बाजारात लोक पैसे लावत, आणि ज्याच्या नावाचा भाव जितका, तितके टक्के त्याची जिंकायची आशा. वॉल्टच्या नावापुढे दोन.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांतल्या एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीचं जेवण होतं. कोबीची वाटी पुढे सरकवत म्हातारा स्टॅन ओरडला, "काय रे वॉल्ट, दोन टक्के? एवढं फॅट तर दुधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की!"

सगळं तळघर हसलं. वॉल्टही हसला, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून ते कान बघत आलेल्या लोरेट्टाला राहवलं नाही. टेबलाखाली फोन धरून तिने वॉल्टच्या नावावर चाळीस डॉलर लावले. त्याच्यावर पैसे लावणारं दुसरं कुणी नव्हतंच. आकडा टुणकन अकरावर जाऊन बसला.

"लोरी! अकरा!" वॉल्टने तिचा खांदा गदगदा हलवला. "लोक जागे झाले गं!"

"झाले खरे," ती म्हणाली, आणि तिने टेबलाखालचा फोन मांडीवर पालथा घातला.

पुढच्या आठवड्यात तो भेटला तो हवेतच. "टीव्हीवर जाहिरात करतो. शनिवारी 'हेलेन' विकतोय."

हेलेन म्हणजे त्यांच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधलेली आणि आईचं नाव दिलेली बोट.  पण खरं सांगायला लोरेट्टा तोंड उघडेल तर शपथ! तिने पळवाट काढली. लावलेले पैसे गुपचूप काढून घेतले. आकडा पडेल, वॉल्ट आपोआप शुद्धीवर येईल, आपलं नाव कुठे यायचं नाही.

आकडा पडला. वॉल्टचा फोन आला. "दोन झाले गं परत. परवा कामगारांच्या सभेत मी कटलरची टिंगल केली ना, तीच भोवली. मीच माती खाल्ली. आता तर जाहिरात हवीच."

शनिवारी धक्क्यावर वारा बोचरा होता. गिऱ्हाईक बोटीच्या कडेला टिचक्या मारून बघत होतं. वॉल्टने खिशातून किल्ली काढली आणि लोरेट्टाने त्याचा हात धरला.

"ते अकरा मी होते."

"म्हणजे?"

"वर नेलं तेही मी, खाली आणलं तेही मीच. स्टॅन हसला ना, तेव्हा तुझे कान... वॉल्ट, तू सभेत काही चुकीचं बोलला नाहीस."

वॉल्टने हात सोडवून घेतला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "माफ करा साहेब, आज जमायचं नाही." तो माणूस पुटपुटत गाडीकडे गेला.

"आणि ते दोन?" वॉल्टने विचारलं. "ते तरी माझे होते ना?"

लोरेट्टाने त्या बाजाराचे नियम नीट वाचले होते. ज्याच्यावर कुणीच काही लावत नाही, त्याच्या नावापुढेही काहीतरी आकडा पडून राहतो, हे तिला आता ठाऊक होतं.

"ते तुझेच," ती म्हणाली. "सगळे तुझे."

वॉल्टने मान डोलावली, किल्ली खिशात टाकली, आणि बोटीचा सुटलेला दोर पुन्हा बांधायला वाकला. त्याचे कान लाल होते. लोरेट्टा खाली बघत दोराचं दुसरं टोक धरून उभी राहिली.