खंदकापलीकडचा भाऊ

"आपल्याले काय करा लागते?" असं शेजारचे दादाजी म्हणायचे आणि लगेच मान उंच करून बघायचे. गावाभोवतीच्या परकोटाच्या आतल्या बाजूला आमची आळी होती. पवनीच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून आलो, तेव्हा खोली मिळाली ती त्यांच्या शेजारी. ते हातमागावर लुगडी विणत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना दादाजी म्हणत.

संध्याकाळी माग थांबला की दादाजी परकोटावर चढत. तो जुना तट तसा मातीचाच, बाहेरून दगड लावलेला. खाली खंदक, आणि खंदकापलीकडे धाकट्या भावाचं घर. आई गेल्यावर धाकट्यानं तिचा माग परस्पर विकून टाकला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"भावाला बघता का?" मी एकदा विचारलं.

"मी कायले पाहू त्याले? हवा खाऊन राहिलो." मग हळूच म्हणाले, "आज चूल उशिरा पेटली त्याची."

एका श्रावणात वैनगंगा चढली. एका अंगाला नदी, बाकी तिन्ही अंगांना भरलेला खंदक. गावाचं बेट झालं. आम्ही तटावर धावलो, तर दादाजी आधीच तिथे. पलीकडे धाकटा आणि त्याची बायको छपराच्या कवेलूंवर बसलेले. खालची भिंत ढासळत होती.

दादाजींनी तोंडाभोवती हात धरले. मग ओरडले, "बारक्या! हालू नोको! डोंगा येऊन राहिला!"

डोंगाच काय, कुठलीच नाव तिथे नव्हती. एवढं बोलून म्हातारा घाटाकडे पळाला, धीवरांच्या पाया पडला आणि त्यांच्यासोबत स्वतः डोंग्यात बसून आला.

पाणी ओसरेपर्यंत धाकटा दादाजींकडेच राहिला. दोघं एका ताटात जेवले. मागाचा विषय कोणी काढला नाही. घर तर पडलंच होतं; धाकटा मेहुण्याकडे भिलाईला निघाला.

"दादा, चाल ना आमच्यासंगं."

"मंग माग कोन चालवन?"

त्यानंतर दादाजी परकोटावर गेले नाहीत. "आता तिकडं काय पाहाचं, मास्तर?"

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मागाचा आवाज आला नाही. दादाजी गेल्याची तार आळीनं भिलाईला केली. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"अखेरीले माह्याबद्दल काही म्हनत होता का, मास्तर?"

धाकट्याची भिलाईची बस सुटली त्या दिवसापासून दादाजींनी त्याचं नावही काढलं नव्हतं.

"रोज जेवायला बसले की म्हणायचे," मी म्हणालो, "तो जेवला असन का?"

धाकटा दारातच खाली बसला.