दुसऱ्या नाल्यातला झेंडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सगळं सांगतो — दुखणं, भांडणं, कुणी केलेला अपमान — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असता तर जीभ उचलली असती का? मला नाही वाटत.

मी खेळाचा मास्तर. संभाजीनगरातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, एका शाळेत जन्म गेला. आमच्याकडे ओरिएंटिअरिंग कुणाला माहीत नव्हतं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात पळायचं, ठरवून दिलेल्या जागी बांधलेले झेंडे एकेक करून शोधायचे आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं. हा खेळ मी इथं आणला. कन्नडच्या वरचं जंगल सरांना तळहातासारखं पाठ आहे, असं लोक म्हणायचे. मी नको नको म्हणत ऐकून घ्यायचो. फुशारकी अशीच अंगी लागते — गोड बोलून.

तीन दिवसांची स्पर्धा होती. आखणी माझी. झेंड्याची प्रत्येक जागा मी ठरवायची, तिथं झाडाला लाल रिबन बांधायची आणि शर्यतीच्या सकाळी एकनाथनं त्या रिबनपाशी झेंडा लावायचा. एकनाथ गारखेड्यातल्या एका शाळेत शिकवायचा. माझ्याहून बराच लहान, माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. नकाशा घेऊन जागा तपासू का, असं त्यानं विचारलं होतं. मी हसलो होतो. रिबन दिसली की झेंडा बांध, जास्त डोकं लावू नको, म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर शेजारीशेजारी दोन नाले होते. दोन्ही कोरडे, दोन्हींना सारखंच वळण, दोन्ही वळणांवर अंजनाचं झाड. आखणीच्या दिवशी उन्हं कलली होती, कन्नडला जाणारी शेवटची जीप गाठायची होती. होकायंत्र गळ्यात होतं, पण ते कोण बघतो? मला हे रान पाठ होतं ना! मी रिबन बांधली आणि उतरलो. चुकीच्या नाल्यात बांधली होती.

एवढंच असतं तर हे सांगायला बसलो नसतो. चूक कुणाच्याही हातून होते.

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी पोरं परत येऊन तक्रार करू लागली — झेंडा जागेवर नाही. सविता आलीच नाही. ती कन्नडकडच्या एका वाडीतली, मेंढरांमागं हिंडून वाढलेली. पहिले दोन दिवस तीच पुढं होती. नकाशा तिनं बरोबर वाचला होता. खऱ्या नाल्यात झेंडा नाही म्हणून ती खाली शोधत गेली आणि कातळावरून घसरली. तिला झोळीत घालून आणलं तेव्हा तिच्या गुडघ्याकडं बघवत नव्हतं. ती रडत नव्हती. झेंडा कुठं होता, एवढंच विचारत होती.

सगळे तिच्याभोवती असताना मी म्हणालो, मी वर जाऊन बघतो.

झेंडा एकनाथनं अगदी रिबनपाशी बांधला होता. नीट, सांगितल्याबरहुकूम. मी तिथं उभा राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. आठवतं ते पुढचं — मी रिबन सोडवली. गाठ पक्की होती, माझीच होती. दातांनी ओढली. मधला उंचवटा चढून पलीकडच्या नाल्यात उतरलो आणि खऱ्या जागी, दुसऱ्या अंजनाला, ती बांधली. झेंडा मात्र तिथंच ठेवला. घाबरून केलं म्हणू? घाबरलेला माणूस इतकी नीट गाठ मारत नाही.

मग पंच आले, एकनाथ आला. रिबन इथं, झेंडा तिथं. त्यानं रिबनची गाठ चाचपून पाहिली.

"सर, मी तर रिबन बघूनच बांधला व्हता," तो म्हणाला. "माझ्या डोळ्याला काय झालं व्हतं, सर?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. होतं असं कधी कधी, म्हणालो.

त्यानं वाद घातला असता, माझ्यावर संशय घेतला असता, तर बरं झालं असतं. त्यानं विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर. त्याला पुन्हा कुठल्या स्पर्धेचं काम मिळालं नाही. मला मिळत गेलं. सविता पुन्हा पळाली नाही. दर दिवाळीला एकनाथ तिच्या घरी फराळ घेऊन जायचा. एकदा मलाही नेलं. सविता पाय ओढत चहा घेऊन आली. तिची आई त्याला म्हणाली, "आता बास करा सर. तुम्ही काय जाणूनबुजून केलं नाय." मी मान खाली घालून चहा प्यायलो. चांगला झाला होता, असंही म्हणालो.

एकनाथ निवृत्त झाला तेव्हा शाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. भाषणात त्यानं आपण होऊन तो दिवस सांगितला. माझ्या निष्काळजीपणानं एका पोरीचा पाय गेला, मुलांनो, असं तो भर सभेत म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग तो वळला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत.

त्याचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी अजून गेलेलो नाही.