साहेबराव गाईड आणि भामाबाईची चूल

दौलताबादच्या किल्ल्यावर फोटो काढण्यात माझी उमर गेली. तिथं गाईड म्हणवणारे पुष्कळ होते. पहिल्या दरवाजापासून सनावळ्या सुरू करायचे ते वरच्या बारादरीपर्यंत थांबायचे नाहीत. पाहुणे जांभया देत मागून चालायचे. साहेबरावला सनावळ्यांचा कंटाळा. तो शब्द सांगायचा.

निजामाच्या राजवटीत चार यत्ता उर्दू शाळेत झालेल्या. पुढं खुलताबादच्या एका म्हाताऱ्या मौलवींच्या मागं लागून कुठला शब्द अरबी, कुठला फारशी, हे त्यानं विचारून घेतलं. इंग्रजी तर पाहुण्यांच्याच तोंडून उचललेलं. खंदकाच्या पुलावर उभा राहून तो म्हणायचा, “खंदक. अरेबिक वर्ड. मीन्स, किंग इज अफ्रेड.” राजाला भीती वाटते, म्हणून खंदक. हमाम म्हणजे राजाच्याही अंगावर कपडे नाहीत. दौलत म्हणजे कष्ट दुसऱ्याच कुणीतरी केलेत. हक म्हणजे जे मिळाल्यावर थँक्यू म्हणायची गरज नाही. बाकीचे गाईड त्याला चिडवायचे, “साहेबराव, हे अर्थ कोणत्या डिक्शनरीत हायेत रे?” तो म्हणायचा, “डिक्शनरीवाला हा किल्ला चढलाय का कधी?” आणि विडी पेटवायचा.

वर बारादरीत पोचलं की खालचा मुलूख दाखवून तो शेवटचा शब्द सांगायचा. दौलताबाद, औरंगाबाद, खुलताबाद, सगळ्यांच्या शेपटाला लागलेला. “आबाद. पर्शियन वर्ड. मीन्स, सम्बडी इज कुकिंग.” कुणीतरी स्वयंपाक करतंय, म्हणजे आबाद. नुसत्या भिंती कितीही असोत, संध्याकाळी धूर निघाला पाहिजे. हे ऐकून गोऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या आणि मी फोटो काढायचो.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. लोक अजून म्हणतात, वस्त्या ‘पेटल्या’. मला ते ऐकलं की डोकं फिरतं. घर आपणहून पेटत नसतं. साहेबरावचं गाव देवगाव रंगारीकडचं. नाव मी लिहीत नाही, फुकट मोठं होईल ते. तिथं त्याची आई भामाबाई एकटी राहायची. विद्यापीठ कोणत्या दिशेला आहे हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिचं घर जळालं तेव्हा ती गावच्या पाटलाच्याच, नानासाहेबाच्याच कपाशीत खुरपत होती. धूर दिसला म्हणून पळत आली, तर तिची चूल सुद्धा फोडलेली.

साहेबरावनं तिला शहरात छावणीजवळच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत आणलं. सून चांगली होती, नातवंडं होती. पण म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसायची आणि एकच म्हणायची, “मला माझ्या जाग्यावर नेऊन सोड. हितं मी पाव्हनी हाय.” साहेबराव दरवर्षी गावाला जाऊन पाटलाला विचारायचा. नानासाहेब कधी ओरडला नाही, कधी नाही म्हणाला नाही. चहा सांगायचा, कान नसलेल्या वेगळ्या कपात, आणि म्हणायचा, “आमची काय ना नाय. गावाचं मन झालं की या.” तोवर भामाबाईच्या जागेवर त्यानं आपल्या कडब्याची गंज रचून टाकली होती. गावाचं मन! जणू गाव म्हणजे रुसलेली नवरी आणि हा तिची समजूत काढतोय. तोंडावर शिवी देणारा माणूस परवडला, निदान त्याला उलट शिवी देता येते.

त्या सालापासून साहेबराव बारादरीत तो शब्द सांगेनासा झाला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “आबाद मीन्स सिटी,” आणि खाली उतरायला लागायचा. मी एकदा म्हणालो, “अरे, तुझा तो अर्थ चांगला होता.” तो म्हणाला, “कडुबा, सैपाक करणारी माझ्या खोलीत कोपऱ्यात बसलीय. कोणत्या तोंडानं सांगू?”

अशी सहासात वर्षं गेली. वाळूजकडं कारखान्यांची शेडं उभी राहायला लागली. एक दिवस किल्ल्याच्या दारात एक जीप थांबली. आतून एक जर्मन इंजिनियर आणि त्याची बायको उतरली, आणि मागून पांढऱ्याशुभ्र धोतरात नानासाहेब. त्याच्या पोराला नव्या कारखान्यात मजूर पुरवायचं कंत्राट हवं होतं, म्हणून बाप पाहुण्यांना किल्ला दाखवायला निघाला होता. इंग्रजी येणारा गाईड पाहिजे म्हणताच लोकांनी साहेबरावला पुढं केलं. नानासाहेब म्हणाला, “अरे सायब्या, तू व्हय? बरं झालं, घरचाच मानूस निघाला.” घरचा! ज्याचं घर ठेवलं नाही तो घरचा.

साहेबरावनं मशाल घेतली. बाई हौशी होती, दर पावलाला शब्दाचा अर्थ विचारायची. खंदक झाला, हमाम झाला, मग आली अंधारी. डोंगराच्या पोटातली ती वाकडीतिकडी काळोखी वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, तिथं सगळ्यांनी हात धरून साखळी करावी लागते. गाईड पुढं. त्याच्या मागं राहून त्याचा हात कुणी धरायचा यावरून पाटलानं चलाखी केली. बाईला मधे घातलं, आपण मागं सरकला. मला दिसलं, साहेबरावलाही दिसलं. मधल्या वळणावर गाईड लोक क्षणभर मशाल आडोशाला नेतात, काळोख किती ते पाहुण्यांना कळावं म्हणून. साहेबरावनं तशी ती नेली. डोक्यावरून वटवाघळं फडफडली, कुणाचा तरी पाय घसरला, आणि पाटलाचा आवाज आला, “सायेबराव! सायेबराव, हात दे!” मशाल पुन्हा पुढं आली तेव्हा नानासाहेब बाईला ओलांडून पुढं आलेला होता आणि दोन्ही हातांनी साहेबरावचं मनगट धरून उभा होता. भीतीनं पूर्ण नाव सुद्धा आठवलं होतं त्याला.

साहेबरावनं त्याला सांभाळून उजेडात आणलं. बाहेर आल्यावर पाटलानं पहिलं काम काय केलं असेल? माझ्या खांद्यावरचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या बघून म्हणाला, “ए फोटोवाल्या, जरा हातावर पानी टाक.” माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, “हे प्यायचं पानी हाय.” मग त्यानं हात धोतराला पुसले, दोन्ही, चांगले घासून.

बारादरीत नेहमीसारखी गर्दी होती. वैजापूरकडची दोन-चार कुटुंबं भाकऱ्यांची फडकी सोडून बसली होती. बाईनं खालचा मुलूख बघत विचारलं, “मिस्टर साहेबराव, व्हॉट इज आबाद?” मला वाटलं हा सिटी म्हणेल. त्यानं मशाल कठड्याला टेकवली. मग म्हणाला, “आबाद मीन्स, सम्बडी इज कुकिंग.” आणि थांबला नाही. इंग्रजीत सगळं सांगितलं. आईचं घर कसं जाळलं, चूल कशी फोडली, जागेवर गंज कुणी रचली, आणि तो माणूस कसा दरवर्षी चहा पाजून परत पाठवतो. “धिस मॅन,” म्हणून त्यानं हातानं दाखवलं. पाटलाला वाटलं आपली ओळख करून देतोय. तो छाती काढून मान डोलवत होता, “यस, यस.”

इंजिनियर साहेब दरीकडं बघायला लागला. बाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, “व्हेरी सॅड हिस्टरी.”

“नो हिस्टरी, मॅडम,” साहेबराव म्हणाला. “ही इज स्टँडिंग हियर.”

त्यावर बाई सुद्धा नवऱ्यासारखी दरीकडं बघायला लागली. कंत्राट, मजूर, शेड, सगळं असतं माणसाला. पण मला अजून राग येतो. एवढे अर्थ विचारत आलात, आणि अर्थ समोर उभा राहिला तेव्हा तोंड फिरवलंत.

साहेबराव मात्र पाटलाकडं वळला. भाकरी खाणाऱ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नानासाहेब, मी बाईला काय सांगितलं ते तुमाला बी सांगतो. पाठीमागं बोलायची आपल्याला सवय नाय.” आणि तेच सगळं त्यानं मराठीत पहिल्यापासून सांगितलं. लोकांचे घास थांबले. पाटलाचा चेहरा पडला, पण पाहुण्यांसमोर ओरडायची सोय नव्हती. म्हणाला, “अरे, आमची कधी ना व्हती का? गावाचं मन...”

“गावाचं ऱ्हाऊ द्या. तुमची ना नाय ना?”

“नाय म्हनलं ना!”

“मग उद्या माय येती.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. भामाबाईच्या मांडीवर पिठाचं गाठोडं आणि तवा. फाट्यावरून चालत गेलो. जागेवर कडब्याची गंज तशीच होती, घरापेक्षा उंच. साहेबराव म्हणाला, “माय, आधी पाटलाला गंज हलवायला सांगतो.” म्हातारी म्हणाली, “कशाला? माझी चूल कुठं व्हती ते मला ठावं हाय.” तिनं तीन दगड गोळा केले आणि गंजीला लागून, अगदी चिकटून, मांडले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडल्या आणि पदरातून काडेपेटी काढली.

गंजीपलीकडून पाटलाचा गडी बोंबलत आला, “म्हातारे, येडी झाली का? कडबा पेटंल! सगळी गंज जाईल!”

भामाबाईनं मान वर केली नाही. “मी काय पेटवीत नाय, बाबा. मी सैपाक करती. कडबा तुमचा हाय, तुमी उचला.”

गडी पळत गेला. नानासाहेब माडीच्या सज्जात आला, तिथूनच बघत उभा राहिला. ज्यांनी अख्खी वस्ती जाळली, त्यांना आज आगीची भीती वाटत होती. म्हातारी हातात काडी धरून बसून राहिली. दुपारपर्यंत पाटलाच्या चार गड्यांनी गंज वाहून नेली, मग तिनं काडी ओढली. पहिली भाकरी तिनं मला दिली. एका बाजूनं करपली होती.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. विहीर तिला उघडी झाली नाही. ती ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणायची. साहेबरावनं पत्र्याचं घर उभं करून दिलं आणि बारादरीत पुन्हा आपला अर्थ सांगायला लागला. पाहुण्यांना कन्नडच्या बाजूचे डोंगर दाखवून म्हणायचा, “देअर. माय मदर.” तिथून गाव काही दिसत नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामांतराऐवजी नामविस्तार झाला. एवढी माणसं मेली, एवढी घरं गेली, आणि शेवटी नाव मिळालं ते मोजूनमापून. तरी आम्ही पेढे घेऊन भामाबाईकडं गेलो. घरात धुराचा लोट, म्हातारीचे डोळे लालबुंद, गळत होते. कोपऱ्यात साहेबरावनं आणून दिलेला रॉकेलचा स्टो होता, त्याच्या खोक्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. चुलीत ओल्या पऱ्हाट्या कोंबलेल्या.

मला राहवलं नाही. म्हणालो, “माय, डोळे जातील ना. वाळलेलं जळण तिथं पडलंय, स्टो नवा हाय, आन तू वलं का जाळती?”

“स्टो चांगलाय,” ती म्हणाली. “पर त्येला धूर नसतो, कडुबा. पाटलाच्या माडीवरनं दिसलं पायजे, हितं कुनीतरी सैपाक करतंय.”

आणि तिनं आणखी एक ओली पऱ्हाटी चुलीत सारली.