पाटावरची गोळी

आखातात, मीना अब्दुल्ला या गावातल्या रिफायनरीत मी सुरक्षा अधिकारी आहे. कोणी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवला तरी माझं डोकं फिरतं. आणि सालमियातल्या माझ्याच घरात, बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पाच वर्षं विमानाच्या तोफेची एक गोळी दाराला लावलेली होती. जुन्या बाजारात घेतली होती. वीतभराहून लांब, चांगली वजनदार. विकणारा म्हणाला, "खाली है साब," आणि मी विश्वास ठेवला. बायकोने तर त्या गोळीने दोनदा आलंही ठेचलं.

खंडेनवमीला आम्ही पाटावर पाना, मल्टिमीटर, हेल्मेट, मुलीचा लॅपटॉप असं सगळं मांडतो. घरात दुसरं शस्त्र नाही, म्हणून मधोमध ही गोळी. त्या वर्षी सासरे आमच्याकडे आले होते. दारूगोळ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी अशाच गोळ्या बनवल्या होत्या, आणि रोज जेवताना आम्हाला त्याचा पाठ मिळायचा. "रणगाडा फोडायला स्फोट लागत नाही हो जावईबापू! टोकाला कठीण धातू हवा आणि वेग हवा. पोलादात अशी घुसते, अशी!" असं म्हणून ते भाताच्या मुदीत बोट खुपसायचे. मी मान डोलवायचो आणि आमटी वाढून घ्यायचो.

सोवळं नेसून मी गोळीला हळदकुंकू वाहिलं, शेजारी समई लावली. सासरे चष्मा सावरत वाकले, गोळीला हात न लावता बघत राहिले आणि त्यांनी फुंकर मारून समई विझवली.

"बाबा!" बायको ओरडली.

"बुडाला ठोका बसलेला आहे, आणि टोक जागच्या जागी आहे," ते हळूच म्हणाले. "उडालीच नाही ही. दारू आत आहे. चला, सगळे बाहेर."

सामान न घेता बाहेर पडावं, हे मी कामावर रोज शिकवतो. मी नारळ घेऊन उतरलो, बायको श्रीखंडाचं पातेलं घेऊन. तापलेल्या फुटपाथवर अनवाणी नाचत मी पोलिसांना फोन केला. पथक आलं, इमारत रिकामी झाली. जाड चिलखतातला अधिकारी वर गेला आणि लगेच खाली आला. गोळीवर ती लाल-पिवळी पावडर कसली, हे त्याला आधी कळायला हवं होतं. मी सोवळं सांभाळत म्हणालो, "प्रेयर, सर."

गोळी जिवंतच होती. ती घेऊन जाताना त्याने मला असं झापलं, की तसं मी कामावर कोणाला कधी झापलं नसेल. नोकरी जाते की काय, अशी धास्ती होती. पण बाजाराचा पत्ता लिहून घेऊन त्यांनी मला सोडलं.

जेवायला दुपारचे चार वाजले. मला सासऱ्यांसमोर मनापासून लाज वाटत होती. त्यांचं पान मी स्वतः वाढलं आणि पहिल्यांदाच म्हणालो, "बाबा, सांगा ना गोळ्यांचं."

त्यांची कळी खुलली. "ही आमची नव्हे बरं का! आमची असती तर उडालीच असती. पस्तीस वर्षांत माझ्या हातची एकही फुसकी निघाली नाही."

"वॉव, आजोबा," मुलगी म्हणाली. "सो हू डिड दे हिट?"

सासऱ्यांचं बोट मुदीपर्यंत गेलं होतं. ते त्यांनी मागे घेतलं.

"ताक वाढ गं जरा," ते बायकोला म्हणाले.