कमळाकरची टाच

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कॉलनीत साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं. पालेगावचा कमळाकर पोरवयात तिथे साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा आणि मोडक्या काठीने खेळायचाही. मग वीस वर्षं त्याने काठीला हात लावला नाही. ब्याण्णव साली जमीन विकल्यावर उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजारातून जुन्या काठ्या आणि पांढरे बूट घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला. चेंडू जागचा हलेना.

पदूचा मात्र उडायचा. पदूनेही त्याच्याबरोबरच पिशव्या वाहिल्या होत्या आणि तो अजून तिथेच गवत कापायचा. साहेब गेले की अनवाणी पायांनी असा फटका मारायचा की कमळाकरचा जळफळाट होई. या गवतकाप्याच्या अंगात हे आलं कुठून? आठवडाभर पाळत ठेवून त्याने मर्म हेरलं. काठी मागे नेताना पदू डावी टाच उचलतो. मग दोन महिने कमळाकरने अंगणात टाच उचलून काठी फिरवली. चेंडू सरळ जाऊ लागला, पण पदूचा त्याच्याही पुढे.

शेवटी न राहवून त्याने विचारलं, "टाच उचलायला तुला कोणी शिकवलं रे?"

"तूच की," पदू म्हणाला. "तेव्हा सगळ्यांत भारी तूच मारायचास. मी बघून बघून उचललं."

कमळाकरला आठवलं. तेव्हा त्याच्या डाव्या टाचेत कुरूप होतं, टाच टेकली की ठणकायचं.

पदूला त्याने हे सांगितलं नाही. कुरूप आपलं, ठणका आपण सोसला आणि फटका राहिला याच्याकडे, या विचाराने त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.