हजारदा दिसली, पन कोनाले?

जगात ज्या गोष्टींवर माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतात, त्या प्रत्येक गोष्टीकडे आमचे मामेसासरे एक डोळा बारीक करून पाहतात. ताप आला तर शेजारच्या दोन घरांतून आणखी दोन थर्मामीटर मागवतात आणि तिन्हींचं एकमत झाल्याशिवाय गोळी घेत नाहीत. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताची वेळ छापताना चुकली तर नाही ना, हे विचारायला थेट नवरीच्या बापाला फोन लावतात. त्यांच्या सिंदेवाहीत वाघाची बातमी काही नवी नाही, पण एकदा कुणीतरी धापा टाकत "नहराजवळ वाघ दिसला" म्हणत आला, तेव्हा सगळी आळी दारं लावून बसली आणि मामा अंगणात उभे राहून विचारत होते, "दिसला म्हनजे कोनाले दिसला? नाव सांग त्याचं."

उभी नोकरी त्यांनी राइस मिलच्या काट्यावर काढली. पोतं काट्यावर चढलं की ते आधी पोतं आणणाऱ्याचा चेहरा पाहत आणि मग वजन. मात्र त्यांच्या स्वतःच्या मापावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. हे ते स्वतःहून सांगत नसत. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर दोनदा ऐकून घेत.

निवृत्तीनंतर त्यांना जुन्या धानांचा नाद लागला. गावोगाव फिरून बियाणं आणायचं, मडक्यात जपायचं, दरवर्षी थोडं पेरायचं. मी चंद्रपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून या धानांची वेबसाइट मी करून दिली. एका धानाला एक पान: कोणत्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या कोणत्या शेतात येतं, किती दिवस घेतं, भात कसा लागतो. वेबसाइटचा खर्च निघावा म्हणून मी तिच्यावर जाहिराती लावल्या आणि माझे सुखाचे दिवस संपले.

"जाहिरात हजारदा दिसली की अमुक पैसे मिळतात," मी सांगितलं.

"हजार मानसाइले?"

"माणसं नाही मामाजी, हजार वेळा. एकच माणूस दहादा आला तरी दहा धरतात."

"जाहिरात पानाच्या खाली हाये. मानूस वरचं वाचून निंगून गेला. मंग दिसली का नाई दिसली?"

हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. "कुठे धरतात, कुठे नाही," असं मी म्हणालो आणि त्यांनी माझ्याकडे ओल्या धानाच्या पोत्याकडे पाहावं तसं पाहिलं. पुढच्या महिन्यात हजाराचा भावच बदलला. मी समजावलं, की पान उघडताच जाहिरातवाल्यांमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत लिलाव होतो. पाहणारा कोण, कुठला, त्यावर बोली चढते-उतरते. लिलाव म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. मग डोळा पुन्हा बारीक झाला.

"लिलाव त्याहीचा, काटा त्याहीचा, वही पन त्याहीची. मी कुठी हावो याच्यात, जवाईबापू?"

त्यांनी स्वतःची वही सुरू केली. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी बसायचं आणि ओळखीचा दिसला की त्याच्या मोबाइलवर आपलं पान उघडायला लावायचं. "खालवर जा, जाहिरात पाय, मंग चाय पे." पहिल्या दिवशी चाळीस माणसं झाली. कॉम्प्युटरने एकतीस दाखवली. मामा जवळजवळ आनंदाने ओरडले, "म्हनलं नव्हतं मी?" पुढचे आठ दिवस चाळीस माणसं रोज जाहिरात पाहून चहा पीत होती. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. कंपनीची मेल आली: तुमच्या पानावरच्या भेटी संशयास्पद वाटतात, म्हणून जाहिराती बंद करत आहोत.

मी मेल वाचून दाखवली. मामांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "माह्यावर? संशय?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला माझ्या घरी आले आणि त्यांनी मला खुलासा सांगून लिहायला लावला. चाळीस जणांची नावं, गाव, कोण काय करतो, चहा आपणच पाजला हेसुद्धा. "हे लिहू नका, यानेच आपण अडकू," मी म्हणालो. "खरं हाये ना? मंग लिहा." मी लिहिलं, पाठवलं. त्यांचा चहा संपायच्या आत नकार आला.

"इतक्या लौकर चाळीस नावं कोन वाचते?" त्यांनी विचारलं. कुणीच वाचली नव्हती.

जाहिराती गेल्या, वेबसाइट राहिली. उन्हाळ्यात एक बाई दोन बस बदलून भामरागडच्या पलीकडच्या गावातून मामांकडे आली. मी तेव्हा तिथेच होतो. तिच्या घरच्या नदीकाठच्या बांधीत पाणी दिवसेंदिवस साचून राहतं. त्यात उभं राहणारं आईच्या वेळचं धान पुरात गेलं होतं. भावाच्या मोबाइलवर मामांच्या पानावरचा फोटो पाहिला आणि लोंबीवरच्या लांब लाल कुसळावरून तिने ते ओळखलं.

"पान किती वेळा पाह्यलं?" मामांनी विचारलं.

"एकदाच, भाऊ. मंग टावर गेला."

"अन् एका फोटोवर इतक्या दूर आली? मी नसतो घरी, तं?"

"बसली असती दारात."

मामांनी मडकं आणलं. तिने मूठभर धान हातावर घेतलं, एक दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. मग म्हणाली, "नाव चुकीचं लिवलं हाये तुमी." गोंडीतलं खरं नाव तिने तीनदा म्हणून दाखवलं. मामांनी ते लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, आणि अर्धं बियाणं तिच्या फडक्यात बांधून दिलं. "उगवलं का कळव," एवढंच म्हणाले.

आता पावसाळा संपत आला आहे. तिकडचे रस्ते मध्ये कितीदा बंद झाले, याची गणती नाही. तिच्या भावाचा नंबर लागत नाही. परवा मी गेलो तेव्हा मामा पायरीवर मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी सहज म्हणालो, "बियाणं मिळालं, विसरली असेल ती."

"नाई," ते माझ्यावर उखडलेच. "पुलावर पानी असन. टावर बंद असन. ती बाई विसरनारी नाई."

आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.